बाद केलेली पुस्तके परत येतात तेव्हा

पहिले पुस्तक आठव्या दिवशी परत आले. सकाळी परतीच्या पेटीत हात घातला तर सगळ्यात वर तेच. लेखांकनाचे जुने पाठ्यपुस्तक, कणा एका बाजूला कललेला, मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी पेनने काढलेला मासा. त्या माशामुळेच मी ते ओळखले. आठ दिवसांपूर्वी मीच ते बाद करून दाराबाहेरच्या 'हवे ते घेऊन जा' टेबलावर ठेवले होते. कोणीतरी नेले, बहुधा बाकावर विसरले, दुसऱ्या कोणा भल्या माणसाला सापडले. त्याने उघडून पाहिले, आत आमच्या ग्रंथालयाचा शिक्का दिसला, आणि तो ते इमानाने पेटीत टाकून गेला. मी ते पुन्हा टेबलावर ठेवले. चौथ्या दिवशी ते पुन्हा पेटीत.

तिसऱ्या खेपेला तर कहर झाला. संध्याकाळच्या पाळीतल्या सहकाऱ्याने बारकोड वाचला, संगणक म्हणाला, अशी प्रतच नाही. शिक्का आमचा, बारकोड आमचा, नोंद मात्र गायब. त्याला वाटले, नोंद चुकून उडाली असावी. त्याने नवा दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, देऊन, नवा बारकोड चिकटवून, पुस्तक शिस्तीत कपाटात लावून टाकले. त्याची काही चूक नव्हती. समोरच्या पुराव्यावरून कोणीही तेच केले असते. चूक माझी होती, आणि ती कुठे झाली हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले.

आमच्याकडे त्या वर्षी साठ्याची मोठी छाननी निघाली होती. सुमारे १४०० पुस्तके बाद करायची, आणि पुस्तक हातात घेऊन करायचे सगळे काम माझ्याकडे. निवड कशी केली यावर फार लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. १९७६ मध्ये टेक्सासमध्ये तयार झालेली 'क्रू' नावाची पद्धत आम्ही आमच्या सोयीने वापरली. माहिती दिशाभूल करणारी आहे का, प्रत हाताळण्यापलीकडे गेली आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, आपल्या वाचकांना उपयोग आहे का, दुसरीकडे सहज मिळते का, असे प्रश्न विचारायचे आणि शेवटची देवघेव कधी झाली ते पाहायचे. बैठकीत कोणीतरी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१ मधला पाचवा नियम काढला, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. छाननीच्या प्रत्येक बैठकीत तो निघतोच, बाद करायच्या बाजूनेही आणि विरोधातही. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "वाढतात तर नखंही. कापावी लागतातच ना?" त्यावर चर्चा संपली.

यादी मंजूर झाली आणि गठ्ठे माझ्या टेबलावर आले. मला वाटले होते, अवघड भाग संपला. आता काय, शिक्का तर मारायचा.

आधी शिक्क्यावर काय लिहायचे इथेच आमचे अडले. कागदोपत्री शब्द 'निर्लेखित'. तो वाचकाला कळत नाही. एका मुलीने मला विचारले होते की यात काहीच लिहिलेले नाही असा याचा अर्थ का. 'रद्द' म्हटले तर पुस्तकातला मजकूरच कोणीतरी रद्द ठरवल्यासारखे वाटते, बंदी घातलेल्या पुस्तकासारखे. 'बाद' हा आमचा रोजचा शब्द, पण पानावर एकटाच उमटला की पुस्तक त्रिफळाचीत झाल्यासारखा दिसतो. शेवटी घाईत 'बाद' यावरच शिक्कामोर्तब झाले. नुसता 'बाद'. ना तारीख, ना ग्रंथालयाचे नाव.

आणि हा शिक्का मी मारला तारीखपट्टीवर. शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलेली, परतीच्या तारखा उमटवायची ती पट्टी. माझा हिशेब सरळ होता: पुस्तकाचे मूळ पान खराब कशाला करायचे? पट्टी आपण चिकटवलेली, तिच्यावर शिक्का मारला तर पुस्तक स्वच्छच राहील, पुढच्या मालकाला बरे वाटेल. हा विचार करताना मला स्वतःचे कौतुकही वाटले होते. पण या पट्ट्या जुन्या डिंकाने चिकटवलेल्या. डिंक वाळला की नखाने टोकरले तरी अख्खी पट्टी हातात येते. लेखांकनाच्या पुस्तकाची पट्टी पहिल्याच खेपेत कुठेतरी गळून पडली होती. म्हणजे पुस्तक बाद झाल्याचा एकमेव पुरावा वाऱ्यावर, आणि ते आमचे असल्याचे तीन पुरावे, मुखपृष्ठामागचा गोल शिक्का, बारकोड आणि कण्यावरचा वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा), जागच्या जागी.

संगणकातल्या नोंदी मी सरसकट पुसल्या होत्या. तेही स्वच्छतेच्याच हौसेने. आम्ही कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरतो. त्यात प्रतीच्या नोंदीवर 'संग्रहातून काढले' अशी खूण करून ती वाचकांपासून लपवता येते. नोंद राहते, पण शोधात येत नाही. मी मात्र यादी निवडली आणि पुसून मोकळा झालो. त्यामुळे परत आलेल्या पुस्तकाला संगणक ओळखेना, आणि ओळखेना म्हणून ते पुन्हा जन्माला आले.

तरीही मी ही किरकोळ गंमत म्हणूनच सोडून दिली असती. डोळे उघडले ते एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यामुळे.

त्यांनी तीन पुस्तकांचे फोटो पाठवले आणि मग फोन केला. बोलणे अगदी शांत. "तुमच्या ग्रंथालयाची तीन पुस्तकं माझ्याकडे आली आहेत. विकायला ठेवण्याआधी विचारतो, ही तुम्ही काढलेली आहेत की कोणी उचललेली?" मी म्हणालो, काढलेलीच असणार, आम्ही बरीच काढली आहेत. ते म्हणाले, "असणार नको. एकावर पट्टीवर बादचा शिक्का आहे. दोनांवर काहीच नाही. आणि त्या एकाच्याही एकतिसाव्या पानावर तुमचा शिक्का आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही."

एकतिसावे पान हे आमचे गुप्त पान. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बरीच ग्रंथालये मुखपृष्ठाशिवाय आत एका ठरलेल्या पानावरही शिक्का आणि दाखल क्रमांक टाकतात. पहिली पाने फाडून कोणी पुस्तक पळवले तरी आतले पान मालक सांगते. प्रत्येकाचे पान वेगळे. आमचे गुप्त पान इतके गुप्त की छाननीच्या वेळी ते मलाही आठवले नव्हते. या गृहस्थांना मात्र ठाऊक होते. जुनी पुस्तके घेणारा माणूस मुखपृष्ठ नंतर पाहतो, आधी आतली पाने चाळतो.

मी जरा ताठ्यातच म्हणालो, बादचा शिक्का आहे म्हटल्यावर प्रश्न कुठे येतो? त्यावर ते जे बोलले ते मी नंतर कितीतरी जणांना ऐकवले आहे. "बाद असा रबरी शिक्का कोणीही करून घेऊ शकतो. आणि चोर आतलाच असेल तर तुमचाच शिक्का तुमच्याच टेबलावरून मारून देईल." त्यांनी नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयाचे उदाहरण दिले. तिथे २०१२ मध्ये दुर्मिळ ग्रंथांच्या चोरीत खुद्द संचालकच अटकेत गेले होते. "म्हणून मला शिक्का नको, तुमच्या वहीतली नोंद हवी. मला पत्र द्या."

पत्र द्यायला मी दाखल नोंदवही उघडली. जाड कापडी बांधणीची, चांगली रुंद, प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. पुस्तक बाद झाले की त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारायची आणि शेऱ्याच्या रकान्यात बाद करण्याचा क्रमांक व तारीख घालायची, असा नियम. पहिले पुस्तक सापडले: लाल रेघ, तारीख, माझीच सही. दुसरे सापडले: तेही तसेच, त्याची पट्टी फक्त गळली होती. तिसऱ्याच्या ओळीवरही लाल रेघ होती. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा, आणि रेघ माझ्या हातची नव्हती. शाई विटून तपकिरी झालेली.

मी मॅडमकडे वही नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रेघेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हे बाद नाही. हे गहाळ आहे. पूर्वी दोन्हीला लालच रेघ मारायचे." माळ्यावरून त्या वर्षाचा साठा पडताळणीचा अहवाल काढला. गहाळ पुस्तकांच्या यादीत ते होते. म्हणजे ते पुस्तक आम्ही कधी सोडलेलेच नव्हते. कोणीतरी नेले होते, आणि आमची वही मात्र बाद आणि चोरीला गेलेले यांत फरक करत नव्हती.

मी जर फोनवरच्या 'असणार' वर थांबलो असतो, तर चोरीच्या पुस्तकाला आमच्या लेटरहेडवर स्वच्छ ठरवून दिले असते.

त्यानंतर काम नव्याने सुरू झाले. टेबलावरून निघून गेलेली पुस्तके गेली. सुमारे ६०० अजून खोक्यांत होती, ती परत उघडली. या वेळी आधी थोडे वाचले. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज या संघटनेच्या दुर्मिळ ग्रंथ विभागाने खुणांबाबत सूचना काढल्या आहेत. त्या मौल्यवान साहित्यासाठी असल्या तरी त्यातल्या तीन गोष्टी मला आमच्या पाठ्यपुस्तकांनाही लागू वाटल्या: संग्रहातून काढलेल्या वस्तूवर कायमची रद्द खूण करा, जुनी मालकीची खूण खोडून नाहीशी करू नका, आणि काय काढले याची नोंद कायम जपा. दुसरी गोष्ट मला आधी उलटी वाटायची. आपला शिक्का काळ्या मार्करने गिरवून टाकला की आपला संबंध संपला, असे वाटते. पण जुन्या पुस्तकांच्या धंद्यात गिरवलेला शिक्का म्हणजे संशय. खरवडलेला, धुतलेला, कागदाचा तुकडा चिकटवून झाकलेला शिक्का हे चोराचे काम. पुस्तक उजळ माथ्याने बाहेर पडले असेल तर त्याने आपला जुना पत्ता लपवायचा कशाला?

मग नवा शिक्का केला. 'संग्रहातून कमी केले', खाली ग्रंथालयाचे नाव, तारखेची जागा, सहीची जागा. 'बाद' शब्द गेला. लांबट आणि कमी उंचीचा, मूळ गोल शिक्क्याच्या लगेच खाली बसेल असा. मूळ शिक्क्यावर एकच तिरकी रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. गुप्त पानावर तशीच रेघ आणि तारीख, हाताने. मुख्य शीर्षक पान, चित्रे, नकाशे यांच्या वाटेला जायचे नाही.

शिक्का मारणे हे दिसते तितके सोपे नसते, हे मला पहिल्या वीस पुस्तकांत कळले. पॅड नवे, शाई भरपूर, मी जोर लावून मारत गेलो आणि पुस्तके मिटून रचत गेलो. विसाव्यानंतर पहिले उघडले तर समोरच्या पानावर 'संग्रहातून कमी केले' याचे आरशातले रूप, आणि शाई कागदातून पलीकडे उतरून प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीत पोचलेली. गुळगुळीत चकचकीत कागदावर तर शाई वाळतच नाही. अंगठा लागला की काळा शेपूट. मग रीत बसवली. पॅडवर शिक्का हलका टेकवायचा, आधी कोऱ्या कागदावर एकदा उमटवायचा, मग पुस्तकात. मध्ये कोरा कागद घालायचा. वर्तमानपत्राचा नाही, त्याची स्वतःचीच शाई लागते. चकचकीत पानांना शिक्का नाहीच, तिथे आतल्या पुठ्ठ्यावर.

कागदाचीही तऱ्हा निराळी. काही जुन्या पुस्तकांची पाने इतकी ठिसूळ की शिक्क्याच्या धक्क्याने कोपरा तुटून आला. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आतूनच जळत जातो, कडा आधी तपकिरी होतात. पानाचा कोपरा पुढे मागे दुमडून पाहायचा, किती घड्यांत तुटतो यावरून अंदाज घ्यायचा, ही जुनी चाचणी मी दोनतीनदा केली आणि सोडून दिली. तपासण्यासाठी पुस्तक मोडायचे हे मला पटेना. ठिसूळ पानावर शिक्का न मारता मऊ पेन्सिलने लिहिले. पेन्सिल पुसता येते, मान्य. म्हणून तर नोंदवही असते.

बारकोडवर आडवी नव्हे तर उभ्या रेघांना समांतर जाड रेघ मारावी, असे मला अनुभवाने कळले. आडव्या रेघेच्या वरखाली पट्ट्यांचा भाग शिल्लक राहतो आणि यंत्र तेवढ्यावरही तो बेधडक वाचते. मी चारपाच पुस्तकांवर आडवी मारून यंत्राखाली धरले, सगळी वाचली गेली. उभ्या जाड रेघेनंतर एकही नाही.

कण्यावरची वर्गांकाची चिठ्ठी सोलायची की ठेवायची यावर आमच्यात दोन तट होते. केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा दिला की गोंद मऊ होतो आणि चिठ्ठी निघते, हे खरे. पण कापडी बांधणीवरून काढताना कापडाचे पोपडेही तिच्याबरोबर येतात. एका पुस्तकाचा कणा मी असा सोलून काढल्यावर मॅडमनी यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावले. चिठ्ठ्या राहिल्या. काही बिघडत नाही.

नव्या पुस्तकांत चिप असते, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी. पुस्तक बाहेर पाठवण्यापूर्वी तिची सुरक्षा खूण बंद करावी लागते, नाहीतर बिचारा नवा मालक ते पिशवीत घालून दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात जातो आणि दारातले फाटक त्याच्यावर ओरडते. त्याच्याआधीच्या पुस्तकांत पानांच्या सांध्यात खोल बसवलेली चुंबकीय पट्टी असते. ती काढायला गेलो तर पाने सुटतात, म्हणून ती फक्त निष्क्रिय केली.

जुन्या पुस्तकांच्या खिशात कधीकधी पुस्तकाचे कार्ड राहिलेले असते, कोणी कधी नेले त्याच्या नावांसकट. एकावर नावांची ओळच्या ओळ, आणि त्यात एकच नाव सात वेळा. पुस्तक होते निद्रानाशावरचे. कार्डे सगळी काढून फाडली. कोणी काय वाचले ते पुस्तकाबरोबर विकायची गोष्ट नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेले ते देणगीची पुस्तके. आत कोणाच्या तरी स्मरणार्थ चिठ्ठी, नाव, वर्ष. अशा पुस्तकावर 'कमी केले' म्हणून शिक्का मारताना हात अडखळतो. आम्ही ठरवले की देणाऱ्याच्या नावावर रेघ मारायची नाही. रेघ फक्त आमच्या शिक्क्यावर. ज्यांचा पत्ता होता त्यांना आधी विचारले. एका बाईंनी वडिलांची पुस्तके परत नेली, एका कुटुंबाने हरकत नाही म्हणून कळवले, बऱ्याच जणांचे उत्तर आले नाही. आता देणगी घेतानाच अर्जावर एक ओळ आहे, गरज नसेल तेव्हा पुस्तक संग्रहातून काढले जाऊ शकते. ती वाचून काही जण देणगी न देताच जातात. जाऊ देत.

नोंदवहीत आता दोन रंग आहेत. बादला लाल, गहाळला निळा, आणि शेरा भरल्याशिवाय कोणतीच रेघ मारायची नाही. बाद झालेला दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही. कोहात 'हरवले' आणि 'संग्रहातून काढले' या मुळातच दोन वेगळ्या खुणा आहेत. आम्हीच त्या वापरत नव्हतो. शिक्का मॅडमच्या खणात असतो, घेतल्याची सही करून मिळतो. एका रबरी शिक्क्यासाठी एवढे, असे मीही आधी म्हणालो होतो.

राहिले ते तिसरे पुस्तक. विक्रेत्यांनी ते एक शब्द न बोलता परत पाठवले, पोस्टाचा खर्चही मागितला नाही. मी ते नोंदवहीत पुन्हा जिवंत केले, संगणकात चढवले, आणि सवयीने छाननीच्या कसोट्यांवर धरले. आवृत्ती जुनी, तीनदा बदललेली. नवी प्रत कपाटात आहेच. गहाळ होण्याआधीही त्याला कोणी फारसे नेत नव्हते. मॅडमपुढे ठेवले, त्यांनी यादीत एक ओळ वाढवून सही केली.

मी गोल शिक्क्यावर तिरकी रेघ मारली, एकतिसावे पान उघडून तिथेही मारली, खाली शिक्का हलक्या हाताने उमटवला, तारीख घातली, मध्ये कोरा कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी शाई वाळल्यावर पत्रासकट ते त्यांनाच परत पाठवले.